घराची पाहणी : व्यवहार आणि शिष्टाचार

पनवेल शहरालगतचे करंजाडे हे एके काळी भातखाचरांनी वेढलेले गाव. १७ मार्च १९७० रोजी शहर व औद्योगिक विकास महामंडळाची, म्हणजेच सिडकोची, स्थापना झाली आणि नवी मुंबईच्या उभारणीसाठी ठाणे, पनवेल व उरण परिसरातील ९५ गावांच्या जमिनी संपादन करण्यात आल्या. आपल्या जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी येथील शेतकऱ्यांनी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली मोठा लढा दिला. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात झालेल्या आंदोलनात पाच जणांना प्राण गमवावे लागले. पुढे १९९० साली साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. करंजाडे वसाहतीत आज ज्या इमारती उभ्या आहेत, त्यांतील अनेकींच्या पायाखाली हा इतिहास आहे.

या वसाहतीत घर घेण्यासाठी येणारा माणूस बहुधा मध्यमवर्गीय असतो. मुंबईतील चाळीतील खोली विकून किंवा भविष्यनिर्वाह निधीतील रक्कम काढून, वर कर्ज घेऊन तो येथे येतो. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून प्रवासी विमानांची ये-जा सुरू झाली. त्यामुळे या परिसरातील घरांकडे लोकांचे लक्ष अधिकच वेधले गेले आहे. आयुष्यभराची पुंजी ज्या वस्तूत घालायची, ती वस्तू मात्र आपल्याकडे पुष्कळदा दहा मिनिटांत पाहिली जाते. भाजी घेताना देठ मोडून पाहणारा माणूस घर घेताना भिंतीला हात लावायला संकोचतो. याचे कारण भीड हे होय. दुसऱ्याच्या घरात शिरून नळ उघडणे, न्हाणीघरात डोकावणे अशिष्टपणाचे ठरेल, असे त्याला वाटते. उलट विकणाऱ्यालाही, कोणी ओल शोधू लागला की आपल्या संसाराचीच झडती घेतली जात आहे, असे वाटू लागते. भीड ही भिकेची बहीण, असे आपले पूर्वज म्हणत. घराच्या व्यवहारात या म्हणीचा प्रत्यय विशेष येतो.

कायद्याची अपेक्षा

घराची पाहणी हा अविश्वास नव्हे, ही गोष्ट कायद्यानेच स्पष्ट केली आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याच्या कलम ५५ मध्ये, उभय पक्षांत वेगळा करार नसेल तर, विकणाऱ्याची व घेणाऱ्याची कर्तव्ये दिलेली आहेत. विकणाऱ्याला माहीत असलेला, परंतु घेणाऱ्याला माहीत नसलेला व त्याने सर्वसाधारण काळजी घेऊनही त्याच्या ध्यानात येणार नाही असा मालमत्तेतील किंवा मालकी हक्कातील महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. तो न सांगणे ही कायद्याच्या दृष्टीने फसवणूक ठरते.

येथे ‘सर्वसाधारण काळजी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. जो दोष डोळे उघडे ठेवणाऱ्याला दिसला असता, त्याबद्दल पुढे तक्रार करणे अवघड जाते. छताचा पडलेला गिलावा पाहिलाच नाही, ही सबब घेणाऱ्याच्या उपयोगी पडत नाही. मात्र वरच्या मजल्यावरील न्हाणीघरातून दर पावसाळ्यात पाणी झिरपते आणि त्यावर नुकताच रंग दिला आहे, हे विकणाऱ्यानेच सांगावयास हवे. उघड दोष घेणाऱ्याने पाहावा आणि दडलेला दोष विकणाऱ्याने सांगावा, अशी ही जबाबदारीची विभागणी आहे. पाहणीचा सारा शिष्टाचार या विभागणीतूनच निर्माण होतो.

उंबरठ्यावर

पाहणीसाठी येणाऱ्याने दिवस व वेळ आधी ठरवून यावे. जेवणाची वेळ, सणाचा दिवस, घरात आजारी माणूस किंवा परीक्षेला बसणारे मूल असेल तर तो काळ टाळावा. घरात स्त्री एकटी असताना मध्यस्थाने अनोळखी माणसांना घेऊन दारात उभे राहणे योग्य नव्हे. पाहणीस येणाऱ्यांची संख्या बेताची असावी. घरातील कर्ती माणसे आणि एखादा जाणकार अभियंता एवढी मंडळी पुरेशी होत.

पादत्राणे बाहेर काढावीत. देवघर, स्वयंपाकघर व शयनगृह येथे जाण्यापूर्वी विचारावे. भिंतीतील कपाट हा घराचा भाग आहे, म्हणून ते पाहण्याचा हक्क आहे. पण ते घरच्या माणसाने उघडावे. छायाचित्रे घ्यावयाची असल्यास अनुमती घ्यावी आणि ती भिंतीची, छताची घ्यावीत. घरातील माणसांची, सामानाची घेऊ नयेत. विकणारा घर का विकतो आहे, हा प्रश्न विचारण्यास हरकत नाही. पण उत्तर त्रोटक आले तर तेथेच थांबावे. घर विकण्यामागे आजारपण, कर्ज किंवा भावाभावांतील वाटणी असू शकते. जात, धर्म किंवा आहार यांची चौकशी तर कोणत्याच बाजूने होऊ नये. घराच्या मजबुतीशी तिचा काहीही संबंध नाही.

विकणाऱ्याच्या बाजूनेही काही गोष्टी पाळल्या जाव्यात. पाहणीच्या वेळी वीज व पाणी चालू असावे. भिंतींना लागून ठेवलेले जड सामान शक्य तेवढे बाजूला केलेले असावे. गच्ची, पाण्याची टाकी व मीटरची खोली यांच्या किल्ल्या संस्थेच्या पदाधिकाऱ्यांकडून आधीच मागवून ठेवाव्यात. पाहणाऱ्याच्या पाठोपाठ खोलीखोलीतून फिरून प्रत्येक डागाचे समर्थन करू नये. चहा द्यावा, पण चहाच्या आग्रहात पाहणीचा वेळ संपवू नये.

काय पाहावे

कोकणातील घराची खरी परीक्षा पावसाळ्यात होते. शक्य असल्यास एक पाहणी भर पावसात करावी आणि इमारतीच्या तळाशी व रस्त्यावर पाणी साचते काय, तेही पाहावे. माथेरानच्या डोंगरातून येणारी गाढी नदी पनवेलजवळून खाडीला मिळते. अतिवृष्टी आणि भरती एकाच वेळी आली की सखल भागातील पाण्याचा निचरा मंदावतो. पूर्वीच्या पावसाळ्यांत पाणी कोठवर आले होते, हे तळमजल्यावरील रहिवासी नेमके सांगू शकतात.

भिंतीवरील प्रत्येक भेग धोक्याची नसते. गिलाव्याच्या केसासारख्या बारीक भेगा बहुधा गिलावा सुकताना पडतात. परंतु तुळई व खांब यांच्या सांध्यातील तिरपी भेग किंवा सळईच्या रेषेत उमटलेला तांबूस डाग दिसला तर अभियंत्याचा सल्ला घ्यावा. लोखंड गंजले की गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा वाढते आणि तो भोवतालच्या काँक्रीटला आतून ढकलू लागतो. त्यातून पापुद्रे सुटतात. खाडीकाठच्या खारट व दमट हवेत ही क्रिया लवकर होते. भिंतीवर फुललेला पांढरा लोणा हा तेथून पाणी मुरत असल्याचा पुरावा होय. केवळ एकाच भिंतीला ताजा रंग दिलेला असेल, तर त्याचे कारण मोकळेपणाने विचारावे.

सर्व नळ एकाच वेळी सोडून पाण्याचा दाब पाहावा. न्हाणीघरात बादलीभर पाणी ओतून ते मोरीकडे वाहते की दाराकडे, हे पाहावे. फरशीवर बोटाने टकटक केली असता पोकळ आवाज आला तर ती फरशी खालून सुटलेली आहे, असे समजावे. अर्थिंग व विजेचे बटण-फलक जाणकाराकडून तपासून घ्यावेत. घराचे चटई क्षेत्र फितीने मोजावे. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ यातील व्याख्येनुसार चटई क्षेत्रात घराच्या आतील विभाजक भिंती धरल्या जातात. बाहेरच्या भिंती, सज्जा आणि उघडी गच्ची धरली जात नाही.

दोष आढळल्यास

पाहणीतील सर्वांत नाजूक क्षण हा होय. आढळलेला दोष घरातील वृद्ध माणसांसमोर, शेजाऱ्यांच्या कानी जाईल अशा आवाजात बोलून दाखवू नये. ज्या घरात एखाद्याने पंचवीस वर्षे काढली, मुलांची लग्ने केली, ते घर त्याच्या तोंडावर ‘भिकार’ ठरविण्याने किंमत कमी होत नाही. केवळ मन दुखावते व व्यवहार तुटतो. दोषांची टिपणे लिहून घ्यावीत आणि नंतर एकत्र बसून शांतपणे चर्चा करावी. दुरुस्तीला किती खर्च येईल, याचा अंदाज कारागिराकडून घेऊन तो विकणाऱ्यापुढे ठेवावा. दुरुस्ती विकणाऱ्याने करून द्यावी, की तेवढी रक्कम किमतीतून वजा व्हावी, हे विसार देण्यापूर्वी ठरवून विसारपावतीत लिहावे. विसार दिल्यानंतर काढलेले दोष हे बहुधा भांडणाचे मूळ ठरतात. आणि घर पसंत पडले नाही, तर तसे वेळेवर व स्पष्टपणे कळवावे. विकणाऱ्याला आठवडेच्या आठवडे आशेवर ठेवू नये.

घरात भाडेकरू असेल तर त्याचीही अडचण ध्यानात घ्यावी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार घरमालकाला जागेची पाहणी करण्याचा अधिकार आहे, तो पूर्वसूचना देऊन आणि वाजवी वेळी. हाच दंडक खरेदीदाराला घर दाखवितानाही पाळला जाणे उचित ठरेल.

कागदपत्रांची पाहणी

घराइतकीच त्याच्या कागदपत्रांची पाहणी आवश्यक असते आणि मागणी केल्यावर ती दाखविणे हे विकणाऱ्याचे कर्तव्य आहे. मूळ कागद विकणाऱ्याच्या समोर पाहावेत, घरी नेण्याचा आग्रह धरू नये. प्रती मात्र अवश्य घ्याव्यात. घरावर कर्ज असेल तर मूळ कागद बँकेकडे असतात, ही गोष्ट विकणाऱ्याने पहिल्याच भेटीत सांगावी. घेणाऱ्याला कर्ज देणारी बँकही आपला मूल्यमापक पाठविते. परंतु तो बँकेच्या रकमेची सुरक्षितता पाहतो. त्याच्या अहवालावर विसंबून स्वतःची पाहणी टाळणे शहाणपणाचे नाही.

करंजाड्यासारख्या वसाहतीत भूखंड सिडकोकडून भाडेपट्ट्याने दिलेले असतात. भूखंडवाटपाचा करार, मूळ भूधारक, विकासक व सिडको यांच्यातील त्रिपक्षीय करार, बांधकाम परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र आणि हस्तांतरणाची परवानगी हे कागद क्रमाने पाहावेत. गावठाणालगत गरजेपोटी बांधलेल्या घरांच्या बाबतीत अधिक सावधगिरी हवी. ग्रामपंचायतीकडे घरपट्टी भरली जाते, यावरून बांधकाम अधिकृत ठरत नाही. जुन्या इमारतीत संरचनात्मक तपासणीचा अहवाल मागावा. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीची दर ३ वर्षांनी अशी तपासणी अपेक्षित आहे.

नव्या इमारतीत विकासकाकडून घर घेताना तर संकोचाला जागाच नाही. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातील दोष निदर्शनास आणल्यास विकासकाने ३० दिवसांत तो विनामूल्य दूर करावा, अशी तरतूद २०१६ च्या अधिनियमात आहे. म्हणून ताबा घेतानाच दोषांची यादी करून तिच्यावर पोच घ्यावी.

इतरत्र आणि आपल्याकडे

अमेरिकेत घराची तपासणी हा स्वतंत्र व्यवसाय आहे; तेथील तपासनीसांची राष्ट्रीय संघटना १९७६ साली स्थापन झाली. स्कॉटलंडमध्ये डिसेंबर २००८ पासून घर विक्रीला काढणाऱ्यानेच तज्ज्ञाचा अहवाल तयार ठेवावा, असा नियम आहे. त्यामुळे प्रत्येक इच्छुकाने वेगवेगळी तपासणी करण्याचा खर्च वाचतो. आपल्याकडे अशी सक्ती नसली, तरी विकणाऱ्याने आपणहून घराच्या दुरुस्त्यांचे एक पानी टिपण तयार ठेवण्यास कोणाची आडकाठी आहे?

या बाबतीत गावातील जाणत्या माणसांना पुष्कळ करता येईल. ग्रामपंचायत सदस्याला भूखंडांचा व वारसांचा इतिहास माहीत असतो. शिक्षकाकडे लोक विश्वासाने कागद वाचून घेण्यास येतात. कर्मचाऱ्याला कोणता दाखला कोठे मिळतो, याची माहिती असते. घर घेण्यापूर्वी सल्ल्यासाठी आलेल्या माणसाला ‘विसार देण्याआधी एकदा पावसात पाहून या आणि भोगवटा प्रमाणपत्र मागा’ एवढे दोन शब्द सांगितले, तरी एखाद्या कुटुंबाची पुंजी वाचू शकेल. ज्यांच्या शेतांवर ही वसाहत उभी राहिली आणि जे आपली बचत घेऊन येथे राहावयास येत आहेत, ते उद्याचे शेजारी आहेत. मोकळेपणाने दाखविलेले आणि अदबीने पाहिलेले घर हाती आले, तर त्या शेजाराची सुरुवात चांगली होते.