विश्लेषण : फोटो कृष्णधवल केला, की कुंकू कुठे जाते?

नवरीच्या अंगावर हिरवा शालू, त्याला लाल काठ, कपाळावर ठसठशीत कुंकू. फोटो ‘क्लासिक’ दिसावा म्हणून मोबाइलवर रंग काढून टाकला आणि काठ व शालू एकाच करड्या छटेत मिसळून गेले. दोष फोटो काढणाऱ्याचा नाही. हा आकड्यांचा खेळ आहे.

रंगाचा करडा होतो कसा?

डिजिटल फोटोतला प्रत्येक ठिपका म्हणजे लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे. कृष्णधवल करताना त्या तिघांचा एक आकडा करावा लागतो. माणसाच्या डोळ्याला हिरवा अधिक उजळ भासतो, म्हणून टीव्हीच्या जुन्या मानकात हिरव्याला सुमारे ५९ टक्के, लालला ३० आणि निळ्याला ११ टक्के वजन आहे. या हिशेबाने भडक लाल (२५५) आणि मध्यम हिरवा (१३०) दोन्ही येतात ७६ वर! हिशेब ॲपनुसार थोडा बदलतो. पण तीनाचे एक करताना काहीतरी हरवणारच. काय हरवायचे, हे कोण ठरवणार, एवढाच प्रश्न.

प्लग-इन काय करते?

फिल्मच्या काळात छायाचित्रकार लेन्सपुढे रंगीत काच लावत. लाल काच लावली की निळे आकाश गडद होई आणि ढग उठून दिसत. फोटोशॉप किंवा लाइटरूमला जोडून चालणारे ‘सिल्व्हर इफेक्स प्रो’ हेच काम फोटो काढल्यानंतर करते. हिरवा फिल्टर निवडला, की शालू उजळतो, काठ आणि कुंकू गडद होते. लाल निवडला तर चेहरा उजळ, नितळ दिसतो, पण कुंकू त्वचेत विरून जाते. निळा फिल्टर चेहरा काळवंडवतो. फोटोच्या एका भागावर ‘कंट्रोल पॉइंट’ ठेवून आसपासची तेवढीच छटा बदलता येते. खरी ताकद तिथे आहे. जुन्या फिल्मची नक्कल करणारे तयार पर्याय आणि दाणेदारपणा ही मौज, पण ती शेवटी करण्याची.

मोबाइलवर हे जमते?

बऱ्यापैकी. हे प्लग-इन आणि ‘स्नॅपसीड’ हे ॲप एकाच निक सॉफ्टवेअर कंपनीचे. २०१२ मध्ये गुगलने ही कंपनी घेतली, २०१६ मध्ये प्लग-इनचा संच फुकट केला आणि २०१७ मध्ये यापुढे सुधारणा नाहीत, असे सांगून टाकले. त्याच वर्षी फ्रान्सच्या डीएक्सओने तो विकत घेतला. आता त्याला पैसे मोजावे लागतात. स्नॅपसीड मात्र गुगलकडेच राहिले, आणि फुकट. त्यातल्या ‘ब्लॅक अँड व्हाइट’मध्ये रंगीत फिल्टर निवडता येतो.

रंगीत मूळ फोटो का जपायचा?

कारण हे सारे फिल्टर फोटोत रंग असेल तरच चालतात. एकदा कृष्णधवल प्रत साठवून मूळ फोटो पुसला, की ७६ हा आकडा काठाचा होता की शालूचा, हे कोणतेही प्लग-इन सांगू शकत नाही. रंग भरणारी एआय ॲप आहेत, पण ती अंदाज बांधतात. शालू निळाही निघू शकतो. व्हॉट्सॲपवर पाठवायची ती प्रत वेगळी ठेवावी आणि फोनमधली जागा भरली, तर आधी तीच पुसावी.