पाचांमधला फेतिसोव्ह

व्याचेस्लाव्ह फेतिसोव्हची एनएचएलमधली आकडेवारी नुसती वाचली, तर हा माणूस थोर खेळाडू होता असं कुणाला वाटणार नाही. ५४६ सामने, ३६ गोल, १९२ गोलांना साहाय्य. अमेरिका-कॅनडाच्या त्या लीगमध्ये याहून भरघोस आकडे असलेले बचावपटू ढिगानं सापडतील. तरीही २००८ साली आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघानं आपल्या शताब्दीनिमित्त शतकातला सर्वोत्तम सहाजणांचा संघ निवडला, तेव्हा बचावपटूंच्या दोन जागांपैकी एक स्वीडनच्या बोर्जे साल्मिंगला आणि दुसरी फेतिसोव्हला मिळाली. आकडे आणि मान यांत एवढी तफावत पडली, कारण फेतिसोव्ह एनएचएलमध्ये पोचला तोच वयाच्या एकतिसाव्या वर्षी. त्याच्या खेळाचा बहर तोवर मॉस्कोत होऊन गेला होता, आणि मॉस्कोतून बाहेर पडण्यातही त्याची बरीच वर्षं खर्ची पडली होती.

जन्म २० एप्रिल १९५८चा, मॉस्कोचाच. तिथल्या सीएसकेए या लष्कराच्या क्लबात तो लहानाचा मोठा झाला. या क्लबाचे खेळाडू कागदोपत्री सैन्यातले. पगार सैन्याचा, हुद्दा सैन्याचा आणि शिस्तही सैन्याचीच. अनातोली तारासोव्ह यांनी या क्लबात सोव्हिएत हॉकीची घडी बसवली होती. १९७७ साली व्हिक्तर तिखोनोव्ह यांच्याकडे सीएसकेए आणि राष्ट्रीय संघ या दोन्हींची सूत्रं आली. त्या वर्षापासून १९८९पर्यंत सोव्हिएत लीगचं विजेतेपद सलग तेरा वेळा सीएसकेएकडेच राहिलं. फेतिसोव्ह या काळात आधी संघाचा कणा झाला आणि मग कर्णधार.

आइस हॉकीत एका वेळी बर्फावर गोलरक्षक सोडून पाचजण असतात : तीन आक्रमक, दोन बचावपटू. पाऊण-एक मिनिट जीव तोडून खेळायचं, की बाकावरचे ताजेतवाने गडी आत येतात. उत्तर अमेरिकेत आक्रमकांच्या आणि बचावपटूंच्या जोड्या वेगवेगळ्या बदलत. सोव्हिएत संघात पाचजणांची तुकडी एकत्र आत जाई, एकत्र बाहेर येई. व्लादिमीर क्रुतोव्ह, इगोर लारिओनोव्ह आणि सेर्गेई माकारोव्ह पुढे. फेतिसोव्ह आणि अलेक्सेई कासातोनोव्ह मागे. सरावात यांच्या अंगात हिरव्या जर्सी असत, म्हणून ही ‘हिरवी तुकडी’. १९८०चं दशक तिनं गाजवलं.

बचावपटूनं पक (खेळातली चकती) आपल्या गोलाजवळून दूर भिरकावून धोका टाळावा, ही तेव्हाची सर्वमान्य रीत. फेतिसोव्ह पक फेकून देत नसे. स्वतःच्या गोलामागे तो मान वर करून यायचा. पुढे वाट बंद दिसली तर वळायचा, पक कासातोनोव्हकडे द्यायचा, परत घ्यायचा आणि तोवर लारिओनोव्ह मधल्या मोकळ्या जागेत सरकलेला असायचा. पास गेला की फेतिसोव्ह थांबत नसे. चौथा आक्रमक होऊन तोही प्रतिस्पर्ध्याच्या गोलाकडे निघे. त्याची मागची जागा आपोआप दुसरा कुणीतरी भरून काढी. प्रत्येकाला बाकीचे चौघं कुठे आहेत हे न पाहता कळत असे. हे कळणं वर्षानुवर्षं एकत्र राहून आलेलं होतं. मात्र त्याची किंमत जबर होती.

तिखोनोव्ह खेळाडूंना वर्षातले दहा-अकरा महिने छावणीत ठेवत. दिवसातून अनेकदा सराव. घरी जायची परवानगी क्वचित, बायकामुलांची भेट ठरवून दिलेल्या वेळी. या कष्टांचं फळ दिसत होतं, तोवर कुणी तोंड उघडलं नाही. १९८० साली लेक प्लॅसिड ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या कॉलेजकुमारांनी सोव्हिएत संघाला ४-३ असं हरवलं, तेव्हा फेतिसोव्ह एकवीस वर्षांचा होता. पहिल्या सत्रानंतर तिखोनोव्ह यांनी त्रेत्याकसारख्या गोलरक्षकाला बाहेर बसवलं होतं. पुढच्याच वर्षी कॅनडा कपच्या अंतिम सामन्यात याच संघानं कॅनडाला ८-१ असं धुतलं. १९८४ साली सारायेव्होत सुवर्ण, १९८८ साली कॅल्गरीत पुन्हा सुवर्ण. मधे १९८५ साली मोटारीच्या अपघातात त्याचा धाकटा भाऊ अनातोली गेला. गाडी फेतिसोव्ह चालवत होता. तो कायमचा खेळ सोडायच्या बेतात होता, त्यातूनही परतला.

एनएचएलमधल्या न्यू जर्सी डेव्हिल्स संघानं १९८३ सालीच त्याच्या नावावर आपला हक्क नोंदवून ठेवला होता. कॅल्गरीचं सुवर्ण मिळालं की तुला सोडू, असा शब्द आपल्याला मिळाला होता, असं फेतिसोव्ह सांगतो. तो पाळला गेला नाही. १९८८च्या ऑक्टोबरात लारिओनोव्हनं ‘ओगोन्योक’ साप्ताहिकात तिखोनोव्ह यांच्या कारभारावर खुलं पत्र लिहिलं. जानेवारी १९८९मध्ये फेतिसोव्हनंही तिखोनोव्ह यांच्या हाताखाली खेळायचं नाही असं वर्तमानपत्रातून जाहीर केलं. त्याला संघातून काढलं, सरावाची दारंही बंद झाली. तेव्हा लारिओनोव्ह, माकारोव्ह आणि क्रुतोव्ह यांनी टीव्हीवर सांगून टाकलं, की फेतिसोव्ह नसेल तर जागतिक स्पर्धेला आम्हीही नाही. कासातोनोव्ह मात्र गप्प राहिला. फेतिसोव्हला परत घेण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. त्यानं स्टॉकहोमला संघाचं नेतृत्व केलं आणि सुवर्णपदक आणलं.

बाहेर जायला सरकार आता तयार होतं, पण आपल्या अटींवर. करार सरकारी संस्थेमार्फत करायचा आणि कमाईतला मोठा हिस्सा तिच्याकडे जमा करायचा. फेतिसोव्ह अडून बसला : करार माझा, पैसे माझे. त्यासाठी त्याला संरक्षणमंत्री याझोव्ह यांच्यासमोर उभं राहावं लागलं, लष्कराचा राजीनामा द्यावा लागला. त्याच सुमारास अलेक्सांद्र मोगिल्नी हा तरुण खेळाडू स्टॉकहोमहूनच गुपचूप अमेरिकेला निसटला होता. फेतिसोव्हला चोरवाटेनं जायचं नव्हतं. त्याला हवा होता तो दरवाजा, आणि त्यातून परत येण्याचा हक्कही. त्यानं तो उघडून घेतल्यावर पाठोपाठ सोव्हिएत खेळाडूंची रीघ लागली.

न्यू जर्सीत सुरुवात बेताची झाली. रिंक अरुंद, धक्काबुक्की जास्त, आणि पक पुढे भिरकावून त्यामागे धावायची ती जुनी रीत. फेतिसोव्ह पक राखून उभा राही, आणि पास द्यायला समोर कुणी नसे. पहिल्या मोसमात त्यानं ७२ सामन्यांत गोल आणि साहाय्य मिळून ४२ गुण मिळवले. वाईट नव्हते, पण फेतिसोव्हचे नव्हते. त्यात डेव्हिल्सनं कासातोनोव्हलाही आणलं. मॉस्कोतली ती जगप्रसिद्ध जोडी न्यू जर्सीत एकमेकांशी अबोला धरून खेळत होती. तरी बर्फावर दोघांचं जमत असे, ही छावणीतल्या तालमीची करामत.

एप्रिल १९९५मध्ये डेव्हिल्सनं त्याला डेट्रॉइट रेड विंग्जकडे धाडलं. दोन महिन्यांनी याच डेव्हिल्सनी स्टॅनले कपच्या, म्हणजे एनएचएलच्या विजेतेपदाच्या, अंतिम फेरीत डेट्रॉइटचा ४-० असा फडशा पाडला. सदतिशीतल्या माणसाची कारकीर्द इथेच आटोपली, असं कुणीही म्हटलं असतं.

डेट्रॉइटचे प्रशिक्षक स्कॉटी बोमन. १९७५च्या ३१ डिसेंबरला माँट्रियल आणि सीएसकेए यांच्यात ३-३ असा बरोबरीत सुटलेला नामांकित सामना झाला, तेव्हा माँट्रियलच्या बाकामागे बोमनच उभे होते. सोव्हिएत हॉकी काय चीज आहे हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. त्यांच्याकडे सेर्गेई फेदोरोव्ह, व्लादिमीर कोन्स्तान्तिनोव्ह आणि व्याचेस्लाव्ह कोझलोव्ह हे तीन रशियन होतेच, फेतिसोव्ह चौथा. ऑक्टोबर १९९५मध्ये त्यांनी सॅन होजेहून लारिओनोव्हला आणलं आणि २७ तारखेला पाचही जणांना एकत्र बर्फावर उतरवलं. डेट्रॉइट ३-० असं जिंकलं. सामना होता कॅल्गरीत. सात वर्षांपूर्वी फेतिसोव्ह आणि लारिओनोव्ह यांनी ऑलिंपिक सुवर्ण घेतलं, तेही याच शहरात.

प्रतिस्पर्ध्यांना या पाचांचं काय करावं हेच उमगेना. पक मिळाला की ते पुढे फेकतच नव्हते. मागे वळत होते, वर्तुळं काढत होते, समोरचा थकेपर्यंत पक आपल्याचकडे राखत होते. त्या मोसमात डेट्रॉइटनं ६२ सामने जिंकून लीगचा विक्रम केला. पुढच्या मोसमात, ७ जून १९९७ला, त्यांनी फिलाडेल्फियाला हरवून स्टॅनले कप पटकावला. डेट्रॉइटला तो बेचाळीस वर्षांनी मिळत होता. फेतिसोव्ह आणि लारिओनोव्ह दोघांनी मिळून तो करंडक उचलला आणि बर्फावर फेरी मारली.

सहा दिवसांनी पार्टीहून परतताना त्यांची लिमोझिन झाडावर आदळली. फेतिसोव्ह छातीवरच्या दुखापतींवर निभावला; कोन्स्तान्तिनोव्ह आणि संघाचे मालिशतज्ज्ञ सेर्गेई म्नात्साकानोव्ह कायमचे अपंग झाले. ऑगस्टमध्ये फेतिसोव्ह, लारिओनोव्ह आणि कोझलोव्ह करंडक घेऊन मॉस्कोला गेले. स्टॅनले कप रशियात जाण्याची ती पहिलीच वेळ. पुढच्या जूनमध्ये वॉशिंग्टनला डेट्रॉइट पुन्हा जिंकलं, तेव्हा कोन्स्तान्तिनोव्हला चाकाच्या खुर्चीतून बर्फावर आणलं गेलं. कर्णधार स्टीव्ह आयझरमननं करंडक त्याच्या मांडीवर ठेवला आणि खेळाडूंनी त्याची खुर्ची ढकलत फेरी पूर्ण केली. त्यानंतर चाळिशीतल्या फेतिसोव्हनं खेळ थांबवला.

पुढची कारकीर्द दुसऱ्याच वळणाची. २००१ साली हॉकी हॉल ऑफ फेममध्ये प्रवेश, २००२च्या ऑलिंपिकमध्ये रशियाचा प्रशिक्षक म्हणून कांस्य, आणि त्याच वर्षी पुतिन यांच्या बोलावण्यावरून देशाच्या क्रीडाखात्याची धुरा. नंतर संसदेचं वरिष्ठ सभागृह, मग कनिष्ठ सभागृह, तेही सत्ताधारी पक्षाच्या बाकांवर. ज्या सत्तेच्या मंत्र्याला त्यानं नकार ऐकवला होता, तिच्या वारसदारांच्या पंक्तीला तो जाऊन बसला, हे त्याच्या अनेक चाहत्यांना पचत नाही. ते साहजिक आहे, आणि त्याच्या खेळाची थोरवी सांगून त्यावर पांघरूण घालता येणार नाही.

पण हा मागोवा घेताना एक गोष्ट निराळी दिसते. फेतिसोव्ह देशावर किंवा त्या देशाच्या हॉकीवर कधी रुसला नव्हता. त्याचं भांडण छावणीशी आणि छावणी चालवणाऱ्या माणसाशी होतं. तिखोनोव्ह यांची समजूत अशी, की कुलूपबंद राहिल्याशिवाय पाचजणांचं एक मन होत नाही. डेट्रॉइटनं ती खोटी ठरवली. तिथे पाचही जण संध्याकाळी आपापल्या घरी जात होते, आपापला पगार घेत होते आणि दुसऱ्या दिवशी न पाहता एकमेकांना पास देत होते. ३६ गोलांच्या त्या किरकोळ आकड्यात हे कुठेच नोंदलेलं नाही. मात्र रशियन खेळाडू एनएचएलमध्ये वेठबिगार होऊन आले नाहीत, मालकीचा करार घेऊन आले, याचं श्रेय ज्यांना द्यायचं त्या यादीत पहिलं नाव याच बचावपटूचं लिहावं लागतं.