ट्रॅक्टर सुरू होत नाही तेव्हा



रोवणीच्या दिवसांत शहापूरच्या शिवारात एखादा जुना ट्रॅक्टर सकाळी सुरू झाला नाही, तर एकट्या मालकाचेच काम अडत नाही. बांधीत पाणी साचलेले असते, पऱ्हे उपटून ठेवलेले असतात, रोवणाऱ्या बाया धुऱ्यावर बसून असतात. त्यांची मजुरी बुडते आणि ठपका बहुधा ड्रायव्हरवर येतो. आम्ही कामगार संघटनेत वाढलेली माणसे. चौकशी झाल्यावाचून कोणास दोषी धरू नये, हे आम्ही आजवर माणसांसाठी मागत आलो. तीच रीत आज यंत्रास लावून पाहू.

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग असतो. डिझेलच्या इंजिनात तो नसतो. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली जे इंजिन चालवून दाखविले, त्याचे मर्म असे की हवा अतिशय दाबली म्हणजे ती आपोआप तापते. ट्रॅक्टरच्या सिलिंडरात हवा मूळ आकारमानाच्या सुमारे सोळाव्या-अठराव्या हिश्शात कोंबली जाते. ती पाचशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापते आणि तीत डिझेलचा फवारा शिरताच पेट घेतो. तेव्हा प्रश्न तीनच उरतात: इंजिन पुरेशा वेगाने फिरते काय? डिझेल पोचते काय? हवा मिळते काय?

प्रथम गिअर न्यूट्रलमध्ये घ्यावा, ब्रेक लावावा. मग समोरचा दिवा लावून सेल्फ दाबावा. दिवा एकदम मंदावला, तर बहुधा बॅटरी उतरलेली असते किंवा तिच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी चढलेली असते. दिवा तसाच प्रखर राहिला आणि सेल्फ मुका राहिला, तर वीज सेल्फपर्यंत जातच नाही. क्लचखालचा स्विच, सोलेनॉइड आणि तारा पाहाव्यात. बारा व्होल्टची भरलेली बॅटरी स्वस्थ असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. बारावर आली तर ती बरीच रिकामी झाली असे समजावे. टोके काढताना ऋण टोक आधी काढावे आणि बसविताना शेवटी बसवावे. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून तोंडात विडी नको.

इंजिन फिरते पण पेटत नाही, अशा वेळी सायलेन्सरकडे पाहावे. धूर मुळीच नसेल, तर डिझेल पोचत नाही. टाकी, तिचा कॉक आणि इंजिन बंद करण्याचा दांडा पाहावा. हा दांडा ओढलेलाच राहिला, तर पंप डिझेल सोडत नाही, आणि माणूस तासभर फिल्टर खोलत बसतो. हे ठीक असेल तर फिल्टर तुंबला असावा किंवा नळीत हवा शिरली असावी. फिल्टरवरचा हवा काढण्याचा स्क्रू सैल करून फीड पंपाचा हातदांडा मारीत राहावे. बुडबुडे थांबून अखंड धार आली की स्क्रू आवळावा. हेच मग मोठ्या पंपावर करावे. नोझलच्या फवाऱ्यापुढे हात धरू नये. तो कातडीतून आत शिरतो.

पांढरा धूर म्हणजे डिझेल आत जाते पण जळत नाही. इंजिन मंद फिरत असेल, डिझेलमध्ये पाणी असेल, नोझल बिघडले असेल किंवा झिजलेल्या रिंगांमुळे दाब राहत नसेल. काळा धूर असेल, तर आधी एअर क्लीनर उघडावा. आत चिखल आणि भुसा निघण्याचा संभव फार. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून अधिक दाबू नये. मध्ये अर्धा-एक मिनिट विसावा द्यावा, नाहीतर एका दुखण्याची दोन होतात.

आता सर्वांत महत्त्वाचे. स्विच बिघडला की पुष्कळ जण ट्रॅक्टरच्या बाजूस उभे राहून पेचकसाने सेल्फची दोन टोके जोडतात. गिअर पडलेला असेल, तर ट्रॅक्टर सुरू होताक्षणी चालू लागतो आणि मागचे चाक जोडणाऱ्याच्याच अंगावर येते. क्लचखालचा स्विच त्यासाठीच बसविलेला असतो. मालकाने तो दुरुस्त करून द्यावा, आणि 'तसाच चालव' म्हटले तर ड्रायव्हरने निक्षून नाही म्हणावे. एवढ्यावरून कोणाची रोजी तोडली जात असेल, तर बाकीच्यांनी त्याच्या पाठीशी उभे राहिले पाहिजे.

शेवटची सूचना वहीची. फिल्टर केव्हा बदलला, बॅटरीत पाणी केव्हा घातले, कोणती दुरुस्ती कोणी पुढे ढकलली, हे तारखेसह लिहून ठेवावे. वही ट्रॅक्टरच्या पेटीतच राहू द्यावी आणि मालक व ड्रायव्हर दोघांनीही तीत सही करावी. पुढच्या रोवणीत यंत्र अडले, तर भांडणाआधी ती उघडता येईल.