पूर्वजशोध

पूर्वजशोध : घराण्यातील पूर्वजांची नावे, परस्परनाती, वास्तव्य व व्यवसाय यांचा लेखी नोंदी, छायाचित्रे, वारसावस्तू आणि कौटुंबिक स्मृती यांच्या आधारे घेतलेला शोध. कुलवृत्तांत हे त्याचे ग्रंथरूप फलित होय. विसाव्या शतकात कोकणातील अनेक घराण्यांचे कुलवृत्तांत छापले गेले. मात्र ते मुख्यतः लेखनाची परंपरा असलेल्या घराण्यांचे होते. मासेमारी, तांडेलकी किंवा मोलमजुरी करणाऱ्या कुटुंबांना सरकारी नोंदी आणि घरातील वस्तू यांवरच विसंबावे लागते.

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या मालवण तालुक्यातील तोंडवली हे गाव अरबी समुद्र व कालावलची खाडी यांच्या सान्निध्यात वसले आहे. अशा किनारी गावातील घराण्याचा माग एकाच दप्तरात लागत नाही. मालवण हे १८१२ पर्यंत कोल्हापूरच्या छत्रपतींकडे होते. त्या वर्षीच्या तहाने ते इंग्रजांकडे गेले. पुढे मालवण तालुका रत्नागिरी जिल्ह्यात मोडत असे. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. त्यामुळे जुन्या कागदांसाठी कोल्हापूर व रत्नागिरी येथील दप्तरे पाहावी लागतात. माहेरघर सावंतवाडी संस्थानात असल्यास तेथील कागदपत्रेही उपयोगी पडतात. रोजगारासाठी मुंबईस गेलेल्यांच्या नोंदी तेथील शाळा, गिरण्या व गोदी यांत आढळू शकतात.

लेखी साधने : शोध वर्तमानाकडून भूतकाळाकडे, एकेका पिढीने करणे इष्ट असते. शाळेच्या जनरल रजिस्टरमधील दाखल-खारीज नोंद, जन्ममृत्यूची गाव नमुना १४ ची नोंदवही (कोतवाल बुक), फेरफार व सातबारा उतारे ही प्रमुख साधने होत. यांपैकी अनेक जुन्या नोंदी मोडी लिपीत आहेत. खोती गावांत जमिनीचा कागद खोताच्या नावे असल्याने कसणाऱ्या कुळाचे नाव त्यात नसण्याचा संभव असतो. नाशिक, त्र्यंबकेश्वर आदी क्षेत्रांतील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंचे गाव, आडनाव व वंशक्रम नोंदलेला असतो. कालगणनेकडेही लक्ष द्यावे लागते : शक वर्षात ७८ (जानेवारीपासून वर्षअखेरपर्यंत ७९) व शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळविल्यास इसवी सन येतो.

नावांच्या बाबतीत विशेष सावधगिरी हवी. जुन्या नोंदीत आडनावाऐवजी जात किंवा व्यवसाय लिहिलेला असतो. गावावरून पडलेले आडनाव बहुधा गाव सोडल्यावर रूढ होते. आजोबांचे नाव नातवास ठेवण्याच्या प्रथेमुळे दोन पिढ्यांतील एकाच नावाच्या व्यक्ती एक समजल्या जातात.

छायाचित्रे व वारसावस्तू : मुंबईत छायाचित्रण संस्था १८५४ मध्ये स्थापन झाली, परंतु सामान्य कुटुंबांची छायाचित्रे त्यानंतर पुष्कळ काळाने आढळतात. पुठ्ठ्याचा आकार, त्यावरील स्टुडिओचे नाव व पत्ता, मागील हस्ताक्षर आणि पेहराव यांवरून काळ अजमावता येतो. किनाऱ्यावरील दमट हवेत चित्रांवर बुरशी येते. म्हणून मूळ चित्र न पुसता त्याची प्रत प्रथम करून घ्यावी. तांब्यापितळेच्या भांड्यांवर कोरलेली नावे, देव्हाऱ्यातील टाक, पेटीतील पावत्या व दागिने यांवरून नाते सूचित होते, सिद्ध होत नाही. लग्नात मिळालेल्या भांड्यावरील नाव पुष्कळदा माहेरच्या माणसाचे असते. जमीन व महसुलाच्या नोंदींत क्वचितच दिसणाऱ्या स्त्रियांचा माग अशा वस्तूंमुळेच लागतो.

महत्त्व : पूर्वजशोध हा केवळ जिज्ञासेचा विषय नाही. महाराष्ट्रात जात प्रमाणपत्राच्या पडताळणीसाठी मानीव दिनांकापूर्वीचा पुरावा महत्त्वाचा ठरतो. हा दिनांक अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ असा आहे. पणजोबांच्या शाळाप्रवेशाच्या एका ओळीवर पणतवंडाचा शिक्षणातील वा नोकरीतील प्रवेश अवलंबून राहू शकतो. वारसहक्काच्या वादांतही हीच साधने उपयोगी पडतात. म्हणून कोणतेही एकच साधन निर्णायक मानू नये. परस्परांवर अवलंबून नसलेली किमान दोन साधने जुळल्यावरच वंशक्रम ग्राह्य धरावा. वृद्धांच्या आठवणी त्यांच्या हयातीत, सांगणाऱ्याचे नाव व दिनांक यांसह नोंदविणे हे या कार्यातील सर्वांत तातडीचे काम होय. कागद काही काळ टिकतो, स्मृती मात्र माणसाबरोबर जाते.