गणिताला परवाना लागतो का?

नाताळच्या आदल्या आठवड्यात आमच्या घरी नेवऱ्या करायला सगळे जमतात. यंदा सारण भरता भरता माझा मावसभाऊ मध्येच थांबला आणि त्यानं मोबाइल माझ्यापुढे धरला. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात त्याला पीएचडीसाठी प्रवेश मिळालाय, विषय मटेरियल सायन्स. पण मेलमध्ये लिहिलं होतं की प्रयोगशाळेतल्या दोन प्रकल्पांपैकी एकावर त्याला काम करता येणार नाही. त्याच्या नागरिकत्वामुळे त्या कामासाठी सरकारी परवाना लागेल आणि तो मागायचा विचार नाही.

"म्हणजे मी काय चोर आहे काय गं?" तो म्हणाला.

मला उत्तर देता आलं नाही. मी पडले मराठीची विद्यार्थिनी. पण प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून सुट्टीभर या विषयावर मिळेल ते वाचत बसले. जे समजलं ते आपल्या मंडळाच्या वाचकांसमोर ठेवते.

आधी 'निर्यात' हा शब्द बघू. निर्यात म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बंदर, कंटेनर, काजूचे डबे येतात. अमेरिकेच्या कायद्यात मात्र माहितीचीही निर्यात होते. शस्त्रं आणि लष्करी सामानासाठी 'आयटार' नावाचे नियम आहेत. नागरी आणि लष्करी अशा दोन्ही कामांना येणाऱ्या वस्तूंसाठी वाणिज्य खात्याचे वेगळे नियम आहेत. दोन्हींत वस्तूबरोबर तिची तांत्रिक माहितीही येते. ती माहिती देशाबाहेर गेलीच पाहिजे असंही नाही. अमेरिकेतल्याच एखाद्या खोलीत परदेशी विद्यार्थ्याला यादीतली माहिती दाखवली, तरी ती त्याच्या देशाला निर्यात झाली असं धरतात. याला 'डीम्ड एक्सपोर्ट' म्हणतात. आपल्याकडच्या डीम्ड युनिव्हर्सिटीतला 'डीम्ड' तोच: प्रत्यक्षात नसलं तरी कायद्यानं तसं मानलेलं. माझ्या भावाला आलेली मेल या एका शब्दातून आली होती.

आता १९७६ सालात जाऊ. त्या वर्षी नोव्हेंबरात स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांचा एक शोधनिबंध छापून आला. तोवर गुप्त निरोप पाठवायचा तर दोघांकडे एकच किल्ली आधीपासून असावी लागे. कधीही न भेटलेल्या दोन माणसांना, सगळं बोलणं तिसरा ऐकत असतानाही, आपापसात गुप्त किल्ली ठरवता येईल हे या दोघांनी दाखवलं. आज आपण मोबाइलवरून पैसे पाठवतो त्या सुरक्षिततेच्या मुळाशी ही कल्पना आहे.

जुलै १९७७ मध्ये अभियंत्यांच्या आयईईई या संघटनेला एक पत्र आलं. अशा विषयांवर निबंध छापणं, परिषदेत बोलणं म्हणजे आयटारचा भंग ठरू शकतो, असा त्याचा आशय होता. पत्र लिहिणारा माणूस अमेरिकेच्या नॅशनल सिक्युरिटी एजन्सीचा कर्मचारी निघाला. त्यानं ते स्वतःच्या जबाबदारीवर लिहिलं, असं एजन्सीचं म्हणणं. पण व्हायचा तो परिणाम झाला.

ऑक्टोबरात कॉर्नेल विद्यापीठात परिषद होती. हेलमनचे दोन विद्यार्थी, राल्फ मर्कल आणि स्टीव्ह पोहलिग, तिथे निबंध वाचणार होते. स्टॅनफर्डच्या वकिलाच्या मते निबंध मांडणं कायदेशीरच होतं. तरी खटला झालाच, तर कायम नोकरीतल्या प्राध्यापकाला तो झेपेल, नुकत्याच सुरुवात करणाऱ्या मुलांना नाही, म्हणून निबंध हेलमननंच वाचावेत असा त्याचा सल्ला पडला. शेवटी हेलमननं दोघांना मंचावर घेतलं, असं का करतोय ते सांगितलं आणि निबंध स्वतः मांडले. दोन्ही मुलं शेजारी गप्प उभी राहिली.

आपल्या मंडळाच्या काव्यवाचनात तुमची कविता दुसऱ्यानं वाचली आणि तुम्ही शेजारी तोंड मिटून उभे राहिलात, तर कसं वाटेल? कुणी बंदी घातली नव्हती. खटलाही झाला नाही. एक पत्र आणि एक धूसर नियम, एवढं पुरलं.

एजन्सीला उगाच भीती वाटत होती असं मात्र नाही. परक्या देशांचे गुप्त संदेश उलगडणं हे तिचं कामच. सगळ्या जगाला पक्कं कुलूप मिळालं की शत्रूलाही मिळणार. प्रश्न एवढाच की ते कुलूप दडवून राहतं का?

याचं उत्तर ब्रिटनमध्ये सापडतं. तिथल्या जीसीएचक्यू या सरकारी गुप्तलेखन संस्थेत जेम्स एलिस यांना या जातीची कल्पना स्टॅनफर्डवाल्यांच्या काही वर्षं आधीच सुचली होती. क्लिफर्ड कॉक्स यांनी १९७३ मध्ये तिचं गणित बसवलं. गुप्त म्हणून ते सगळं कपाटात राहिलं. जाहीर झालं ते डिसेंबर १९९७ मध्ये, आणि एलिस त्याआधी काही आठवडेच वारले होते. दडवून ठेवल्यानं ती कल्पना इतरांना सुचायची थांबली नाही. ज्याला आधी सुचली त्याचं नाव तेवढं हयातीत झालं नाही.

रेषा भलत्या जागी ओढली की काय होतं, याचं एक उदाहरण आम्हा साहित्यवाल्यांसाठी. १९९४ मध्ये फिल कार्न या अभियंत्यानं अमेरिकी सरकारला विचारलं, गुप्तलेखनावरचं हे पुस्तक परदेशी पाठवू का? सरकार म्हणालं, खुशाल. मग त्यानं त्याच पुस्तकात छापलेला प्रोग्राम फ्लॉपीवर घालून विचारलं. उत्तर आलं, ही फ्लॉपी शस्त्रांच्या यादीत मोडते. मजकूर तोच. कागदावर साहित्य, फ्लॉपीवर दारूगोळा!

मग रेषा ओढायची कुठे? मला पटलेलं उत्तर अमेरिकेच्याच एका कागदात आहे. शीतयुद्धाच्या ऐन भरात, २१ सप्टेंबर १९८५ रोजी, अध्यक्ष रेगन यांनी एनएसडीडी-१८९ हा निर्देश काढला. त्याचा गाभा असा: विद्यापीठांतल्या मूलभूत संशोधनाचे निष्कर्ष शक्य तितके खुले राहावेत. एखाद्या कामाला खरोखरच गुप्तता हवी असेल, तर ते रीतसर 'गुप्त' म्हणून वर्गीकृत करावं, आणि हा विचार सरकारी खात्यानं अनुदान देण्याआधी करावा. म्हणजे काम झाल्यावर, मंचावर चढल्यावर, कुणीतरी पत्र पाठवून नव्हे.

या सवलतीला एक अट आहे, आणि परदेशी जाणाऱ्यांनी ती लक्षात ठेवावी. काम खरंच खुलं असेल तरच ते मूलभूत संशोधन धरलं जातं. पैसे देणाऱ्यानं 'आमच्या मंजुरीशिवाय छापायचं नाही' किंवा 'परदेशी विद्यार्थी नकोत' असं कलम घातलं आणि विद्यापीठानं सही केली, की सवलत गेली.

ती सही हलक्यात घेतली तर काय होतं हे टेनेसी विद्यापीठात दिसलं. तिथले प्लाझ्मा भौतिकीचे प्राध्यापक जॉन रीस रॉथ हवाई दलाच्या पैशातून चाललेल्या, ड्रोनसंबंधीच्या कामात होते. कामावर निर्बंध होते, विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांनी सावधही केलं होतं. तरी त्यांनी चिनी आणि इराणी विद्यार्थ्यांना त्या कामात घेतलं. २००८ मध्ये ते दोषी ठरले, २००९ मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली. ज्ञान सर्वांसाठी खुलं असावं असं मलाही वाटतं. पण आधी बंद खोलीचा करार करायचा आणि मग दार उघडं टाकायचं, याला खुलेपणा म्हणता येत नाही.

आपला देश या गोष्टीत दोन्ही बाजूंना आहे. १९८० च्या दशकात भारताला हवा होता तेवढ्या ताकदीचा क्रे सुपरकॉम्प्युटर अमेरिका देईना, कारण त्याच यंत्रावर शस्त्रांचीही गणितं करता येतात. म्हणून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. आज भारताचीही स्वतःची यादी आहे, 'स्कोमेट' नावाची. रसायनं, जीवाणू, यंत्रं आणि तंत्रज्ञान, सगळं तीत येतं. २००५ चा कायदाही आहे. आपल्याला नाकारलं तेव्हा राग आला. आता नाकारण्याची पाळी आपलीही येते.

हे सगळं मी भावाला फोनवर सांगितलं. त्याला म्हटलं, चोर वगैरे काही नाही, तुझ्याआधी तुझा पासपोर्ट वाचला गेला एवढंच. हे बोचतं, आणि बोचावंच. पण त्यांनी निदान सही करण्याआधी सांगितलं. आता उरलेल्या प्रकल्पाबद्दल तू दोन प्रश्न विचार: माझा प्रबंध कुणाच्या मंजुरीशिवाय छापता येईल का? आणि मी केलेलं काम परिषदेत मीच मांडणार ना?

त्यानं विचारलं. दोन्हींना 'हो' असं लेखी उत्तर आलं. ऑगस्टमध्ये तो निघेल. त्याआधी एका शनिवारी त्याला मंडळाच्या बैठकीला घेऊन येते. सायन्सच्या मित्रांनीही या, कारण उद्या ही मेल तुमच्यापैकी कुणालाही येऊ शकते.