चार मीटरचं पाणी

आष्टी तालुक्यातल्या एका विहिरीच्या कठड्यावर मी दर मे महिन्यात आणि पुन्हा दिवाळीच्या सुमारास टेप घेऊन उभा असतो. टोकाला खडू चोळायचा, टेप आत सोडायचा आणि खडू कुठवर भिजला ते वाचायचं. गेल्या खेपेस पातळी चार मीटरनं वर आलेली होती. "म्हणजे चार मीटर पाणी मुरलं की, साहेब!" विहिरीचे मालक म्हणाले.

मेख तिथेच आहे. विहीर म्हणजे नुसतं भोक; भोवती सगळा खडक. झिजलेल्या बेसाल्टमध्ये, आपल्या मुरमात, पाण्याला भरायला आणि सुटायला जागा जेमतेम एक ते तीन टक्के. दोन टक्के धरले तर चार मीटरचे ८० मिलिमीटर होतात, एक धरला तर ४०, तीन धरले तर १२०. टेप सेंटिमीटरपर्यंत चोख, उत्तर मात्र तिपटीनं डळमळतं. शिवाय पावसाळ्यात जे उपसलं तेही यात मिळवावं लागतं आणि त्याची नोंद कुणाकडेच नसते.

मग पावसातून सरळ वजाबाकी करावी? समजा पाऊस ५५० मिलिमीटर, ओढ्यानं वाहून गेलं ५०, ऊन आणि पिकांनी घेतलं ४५०. उरले ५०. पण त्या ४५०च्या अंदाजात दहा टक्के चूक झाली, की उरलेलं जवळजवळ सगळं पुसलं जातं. कोरड्या मुलखाचं खरं दुखणं हेच.

तिसरी वाट क्लोराइडची. पावसाबरोबर ते अगदी थोडं येतं. ऊन आणि झाडं पाणी नेतात, क्लोराइड मागे ठेवतात. पावसात लिटरला १ मिलिग्रॅम आणि भूजलात २० असेल, तर पावसाचा विसावा भाग खाली पोचला. ओसाड माळावर माझा भरवसा या रीतीवर. गावाजवळ ती फसते, कारण सांडपाणी आणि पोटॅश खतही क्लोराइडच घालतात. मग मुरलेलं पाणी आहे त्याहून कमी दिसतं.

आणि याच आकड्यांवर ठरतं, की उपसा शंभर टक्क्यांवर गेला म्हणून तालुका 'अतिशोषित' म्हणायचा की नाही.

"मग ऊस लावू का?" मालकांनी विचारलं.

"चाळीसच धरा," मी म्हणालो.

त्यांनी कांद्याचं रोप आधीच टाकलेलं होतं.