हेड खोलण्याआधी पाणी कुठलं ते बघा

मगदल्ला, डुमस, हजीराच्या बोटवाल्यांनो, तापीच्या मुखाशी ओहोटीची ओढ किती जबर असते ते आपल्याला ठाऊक आहेच. तिथे इंजिन बंद पडलं तर बोट आणि खलाशी, दोन्ही धोक्यात. म्हणून डिझेल इंजिनाची ही तपासणी धक्क्यावरच करू.

ऑइलची पट्टी काढा. ऑइल दुधाळ दिसलं की आत पाणी शिरलंय. मग सेल्फ मारू नका! पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. सगळे नोझल काढून इंजिन हाताने फिरवा. कुठल्या सिलेंडरमधून पाणी उडतं ते लिहून ठेवा.

त्या पाण्याचे चार थेंब स्टीलच्या ताटलीत सुकवा. गोड्या पाण्याची टाकी असलेल्या इंजिनात पांढरं मीठ उरलं, तर आधी सायलेन्सर आणि कूलर बघा. मीठ नाही आणि टाकीचं पाणी घटतंय, तर संशय हेड गॅस्केटवर किंवा हेडच्या तड्यावर.

आता कम्प्रेशन गेज लावा, आकडे इंजिनाच्या पुस्तकाशी ताडा. शेजारचे दोन सिलेंडर कमी असतील तर बहुधा त्यांच्यामधलं गॅस्केट गेलंय. एकच कमी असेल तर पिस्टन वर आणून, दोन्ही व्हॉल्व बंद असताना हवा सोडा. ऑइलच्या तोंडातून फुसफुसली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व, टाकीत बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा तडा.

आणि हे काम उद्यावर टाकू नका. खारं पाणी रात्रभर आत राहिलं तर बोअर गंजतो. पाणी काढा, ऑइल आणि फिल्टर त्याच दिवशी बदला.